बाहेरची व्यक्ती

सत्यनारायण भाजी आणायला गेले आणि कनकाचं काम पुन्हा अडलं. कॉम्प्युटरवर कोड भरायची चौकट उघडून बसली होती, कोड गेला होता नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा होता मांबलम स्टेशनजवळच्या बाजारात. तिनं फोन लावला. पलीकडून रिक्षांचे भोंगे ऐकू येत होते आणि कोणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत होतं.

“अहो, मेसेज आला असेल बघा. आकडे सांगा पटकन.”

“थांब गे, चष्मा घरी राहिला. भाजीवाल्याला वाचायला देऊ काय?”

“अय्यो, देऊ नका! कुणाला दाखवायचं नाही म्हणून तर पाठवतात तो.”

“मग मी काय करू? भेंडी घेऊ की नको, तेवढं सांग.”

तोवर चौकट मिटली. वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा. कनकानं फोन टेबलावर आपटला आणि भेंडीचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

कनका तंजावरकडची. घरातली मराठी जुन्या वळणाची, निम्मी तमिळमध्ये भिजलेली. महाराष्ट्रातली माणसं ऐकून गालात हसत. सत्यनारायण रेल्वेत होते. त्यांची बदली सोलापूरला झाली तेव्हा तिनं शेजारणींकडून, वर्तमानपत्रांतून तिथली मराठी हट्टानं उचलली आणि रेल्वेच्या शाळेत शिकवण्यापर्यंत मजल मारली. नवरा निवृत्त झाल्यावर दोघं परत तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये आली. रिकामं बसवेना, म्हणून तिनं इंग्रजीतून मराठीत माहितीपुस्तिका लिहून द्यायचं काम धरलं. आधी मिक्सर, मग गीझर, आणि गेली काही वर्षं घरी वापरायचं ऑक्सिजनचं मशीन बनवणारी एक कंपनी. कारखाना गुम्मिडिपूंडीला, ऑफिस सिरुसेरीला.

हे काम तिला मनापासून आवडायचं. ज्याला धाप लागली आहे त्यानं ओळ वाचायची आणि एका वाचनात समजायची, एवढंच तिचं माप. ‘नलिका’ खोडून ती ‘नळी’ करायची, मग तेही खोडून ‘ट्यूब’ लिहायची, कारण आजारी माणसाच्या घरात ट्यूबच म्हणतात.

पूर्वी सगळं सोपं होतं. ऑफिसातली निधी नावाची नाशिकची मुलगी मेलला फाइल जोडून पाठवायची, कनका काम करून परत पाठवायची. निधी तिला ‘कनका काकू’ म्हणायची, तिच्या मराठीतल्या एखाद्या तमिळ वळणावर हसायची, आणि पुस्तिका वेळेवर छापून जायची. मग कंपनीची कुठलीशी फाइल बाहेर फुटली. नियम आला: बाहेरच्या कुणालाही मेलला फाइल जोडायची नाही. पोर्टलवरून लिंक जाईल, लिंक उघडायला कोड लागेल, आणि लिंक दुसऱ्या दिवशी आपोआप बंद होईल.

कनकाचं नाव कंपनीत नोंदलं गेलं तेव्हा तिच्याकडे स्वतःचा मोबाइल नव्हता. नंबर दिला होता नवऱ्याचा. तो बदलायचा तर पोर्टलवर तक्रार टाकायची. तक्रार टाकायला पोर्टलमध्ये शिरायचं. शिरायला कोड. नवरा घरात असेल तेव्हा तिनं तसंही करून पाहिलं; विनंती ‘विचाराधीन’ झाली आणि तशीच राहिली. निधीला फोन केला की ती म्हणायची, “काकू, मी तीनतीनदा सांगितलंय हो. ते दुसऱ्या विभागाकडे आहे.”

बरं, कोड मिळाला आणि फाइल उघडली तरी सुख नव्हतं. फाइल नुसती बघायची. उतरवून घेता येत नव्हती, छापता येत नव्हती, एक शब्द उचलून दुसरीकडे नेता येत नव्हता. वर पानभर तिरकं तिचंच नाव पुसट अक्षरांत छापलेलं. “माझं नाव माझ्याच डोळ्यांत खुपतंय,” ती म्हणायची. शेवटी सत्यनारायण शेजारी बसून इंग्रजी मजकूर मोठ्यानं वाचायला लागले आणि ती टाइप करायला लागली. ते वाचता वाचता मधेच थांबून मजकुरावर मत द्यायचे.

“हे खरं काय गे? मशीनजवळ ऊदबत्ती लावायची नाही?”

“लावायची नाही. पुढचं वाचा.”

“मग पूजा?”

“पुढचं वाचा हो!”

असं करत निम्मी पुस्तिका झाली, आणि कंपनीनं मूळ मजकूरच बदलला. नवी फाइल, नवी लिंक. ती शनिवारी आली आणि कनकानं सोमवारी उघडायला घेतली तेव्हा मेलेली होती. निधी रडकुंडीला आली होती. विदर्भात मशीनं पाठवायची होती आणि मराठी पुस्तिकेवाचून खोकी बंद होत नव्हती.

“काकू, मी आज तुम्हाला उघडी लिंक देते,” ती हळू आवाजात म्हणाली. “कोड नाही, काही नाही. उतरवून घ्या आणि मला सांगा, मी लगेच बंद करते.”

“चालतं काय तसं?”

“चालत नाही. पण दुसरं काय करू?”

लिंक आली. कनकानं दाबली, उघडली, आणि तिला हायसं वाटलं. मग दिसलं की उघडली आहे ती फाइल नव्हे, आख्खं कपाट. पुस्तिका एका कोपऱ्यात. बाकी सगळ्या ग्राहकांच्या तक्रारी. नाव, पत्ता, आजार, डॉक्टरांची चिठ्ठी. पहिली तक्रार तिनं पुस्तिका समजून उघडली आणि घाईनं मिटली. कपाट बंद करून निधीला फोन करायचा, एवढंच करायचं होतं. पण यादी खाली सरकवताना एका नावावर तिचे डोळे अडकले. नाव वेंकट रावांचं आणि पत्ता तिच्याच इमारतीचा, तळमजला.

वेंकटअण्णा आपल्यातलेच, तंजावरकडचे मराठी. बँकेतून निवृत्त, बायको गेलेली, मुलगी सहाना बेंगळुरूला. रोज दुपारी वर येऊन तमिळ पेपर वाचायचे. हल्ली जिना चढताना मधे थांबत, गुडघा म्हणत.

कनकानं ती फाइल उघडली. उघडायला नको होती. फुप्फुसाच्या आजाराचं लांबलचक नाव होतं, मशीन घेतल्याची तारीख होती, आणि अण्णांनी आपल्या बँकेतल्या नीटस इंग्रजीत तक्रार लिहिली होती: मशीन चांगलं आहे, पण आवाज कमी करता येईल का? वरच्या मजल्यावर ऐकू जाईल.

वरचा मजला म्हणजे ती दोघं. खालून येणारी घरघर तिला कधीपासून माहीत होती. अण्णांचा फ्रिज म्हातारा झालाय, असं सत्यनारायण म्हणायचे. ती त्या ओळीकडे किती वेळ बघत राहिली तिचं तिलाच कळलं नाही. मग भानावर येऊन तिनं निधीला फोन केला.

“निधी, लगेच बंद कर ते. सगळ्यांचे कागद दिसताहेत.”

“अरे देवा,” निधी म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर जे झालं त्यानं कनकाचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माहिती-सुरक्षा विभागाच्या प्राणेशचा मेल आला. मेलभर तिचं नाव नव्हतं, होता फक्त इंग्रजी शब्द, ज्याचं भाषांतर तिनं सवयीनं मनात करून टाकलं: बाहेरची व्यक्ती. बाहेरच्या व्यक्तीनं काय काय उघडलं, काय उतरवून घेतलं, कुणाला दाखवलं ते पोर्टलवर लिहून द्यावं. चौकशी संपेपर्यंत बाहेरच्या व्यक्तीचं खातं गोठवण्यात येत आहे.

“मी सांगितलं म्हणून त्यांना कळलं!” ती सत्यनारायणांवरच ओरडली. “गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. आणि चोर कोण, तर मी?”

“मग लिही तसं.”

“लिहू कशातून? खातं गोठवलंय!”

निधीचा फोन लागेना. संध्याकाळी एवढाच मेसेज आला: काकू, माझीच चूक. मला तुमच्याशी बोलायला मनाई आहे.

कनका सिरुसेरीला गेली. लोकल, मग बस, मग दुसरी बस, उन्हात तापलेला तो सरळसोट रस्ता आणि दोन्ही बाजूंना काचांच्या इमारती. फाटकावरच्या माणसानं तिच्या फोनच्या कॅमेऱ्यावर लाल चिकटपट्टी लावली, पिशवीतला दहीभाताचा डबा उघडून पाहिला आणि बसायला सांगितलं. ती बसली. डबा संपला तरी बसली होती.

प्राणेश तिच्या भाच्याच्या वयाचा निघाला. सौजन्यानं बोलत होता, तमिळमध्ये, आणि त्या सौजन्याचाच तिला राग येत होता.

“मॅडम, तुम्ही कळवलंत हे चांगलं केलंत.”

“मेलमध्ये तसं दिसलं नाही.”

“तो ठरलेला मजकूर असतो. सगळ्यांना तोच जातो.” त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलं. “दोन तक्रारी उघडल्यात. पहिली लगेच मिटवली, ती चूक असणार. दुसरी बराच वेळ उघडी होती.”

येताना बसमध्ये तिनं कितीतरी वाक्यं जुळवली होती. नियमांबद्दल, लिंकबद्दल, निधीबद्दल. या प्रश्नाचं वाक्य त्यांत नव्हतं.

“नाव ओळखीचं होतं,” ती म्हणाली. “शेजारी आहेत. उघडायला नको होती. उघडली.”

प्राणेशनं मान हलवली आणि काहीतरी टाइप केलं. “मग त्यांना कळवावं लागेल आम्हाला. तुमचं नाव सांगत नाही आम्ही. बाहेरची व्यक्ती, एवढंच.”

“आणि निधी?”

“ते आमचं आतलं आहे.”

तिचा संयम तिथं सुटला. “आतलं कसं? तुमचा रस्ता सरळ असता तर ती पोर आडवाटेनं गेली असती काय? नंबर बदला, नंबर बदला, म्हणून किती दिवस घसा कोरडा करतेय मी. तुमच्या पोर्टलला काळजी मी फाइल चोरीन याची. मी फाइल वाचू शकते की नाही याची काळजी कुणाला?”

तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, “नवा नंबर सांगा.” तिनं सांगितला. त्यानं चार कळा दाबल्या. “झालं मॅडम.”

झालं! कनकाला तिथल्या तिथं रडू फुटेल असं वाटलं. फुटू दिलं नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली होती, तरी घरापर्यंत तिचा राग उतरला नाही.

खातं उघडलं, काम सुरू झालं. निधीच्या जागी दुसरं कोणीतरी आलं, जे फक्त इंग्रजीत मेल लिहायचं. आणि अण्णा रोज दुपारी पेपरसाठी वर येत राहिले. हे सगळ्यात कठीण होतं. ते दारात उभे राहून दम घेत, “गुडघा गे,” म्हणत, आणि ती “हो ना,” म्हणत खुर्ची पुढे ओढायची. आपला चेहरा नेहमीसारखा आहे ना, हे तिला दर वेळी तपासावंसं वाटायचं. सत्यनारायणांनाही तिनं सांगितलं नव्हतं.

एके दुपारी अण्णा पेपर न मागताच आत आले. सत्यनारायण आतल्या खोलीत झोपले होते. अण्णांचे ओठ निळसर दिसत होते आणि हातात फोन होता.

“कनका, तू असल्या कंपन्यांची कामं करतेस. सांग मला. एका कंपनीनं फोन केला. म्हणतात, तुमचे कागद कोण्या बाहेरच्या माणसानं पाहिले. कोण विचारलं तर सांगत नाहीत. माझे कागद! कोण पाहील? कशाला पाहील?”

“बसा आधी.”

“बसत नाही. हे सहानापर्यंत गेलं तर ती दुसऱ्या दिवशी येईल आणि घराला कुलूप लावून मला घेऊन जाईल.”

कनका त्यांच्यासमोर उभी राहिली. “अण्णा, ती मी. दुसऱ्या कुणी पाहिले नाहीत. लिंक चुकून उघडी राहिली, तुमचं नाव दिसलं, आणि मी वाचलं.”

अण्णा बसले. हातातला फोन त्यांनी पालथा मांडीवर ठेवला. रस्त्यावर कपडे इस्त्री करणाऱ्याचा रेडिओ वाजत होता.

“कधी?”

“झाले काही दिवस.”

“आणि रोज मला गुडघा म्हणू दिलंस.”

तिनं टेबलावरचा पेपर उचलून त्याची घडी घातली.

“आवाज येतो वर?” त्यांनी विचारलं.

“येतो. आम्हाला वाटलं, फ्रिज.”

“फ्रिजच म्हण,” अण्णा म्हणाले आणि कठड्याला धरून खाली गेले.

मग ते यायचे थांबले. सत्यनारायणांनी दोनदा विचारलं, “भांडलीस काय त्यांच्याशी?” ती स्वयंपाकघरात निघून गेली. खालची घरघर मात्र यायचीच, आणि एखाद्या दुपारी आली नाही तर ती टाइप करायची थांबून कान द्यायची. आपल्याला हे कळलंच नसतं तर किती बरं होतं, असं तिला शंभरदा वाटलं.

असे काही आठवडे गेले. मग सकाळी अण्णांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

“मशीनचा फिल्टर धुवायचा असतो काय? पुस्तिकेतली अक्षरं बारीक आहेत. ती पुस्तिका तूच लिहितेस ना?”

“मराठीतली. तुमची इंग्रजी असेल.”

“मग काय झालं? येऊन सांग.”

ती गेली. मशीन पलंग आणि भिंतीच्या मधे, वर जुनी चादर पांघरून लपवलेलं होतं. तिनं आधी ती चादर ओढून काढली. “झाकायचं नाही हे! गरम होतं.” फिल्टर काढायला गेली तर निघेना. ‘फिल्टर बाहेर काढा’ हे वाक्य तिनं स्वतः मराठीत लिहिलं होतं; कसा काढायचा ते मूळ मजकुरातही नव्हतं. कडेची खाच दाबून, नखं झिजवून तो निघाला. तिनं तो नळाखाली धुऊन खिडकीत सुकत ठेवला.

“सहानाला सांगा,” ती हात पुसत म्हणाली.

“दिवाळीला येईल तेव्हा बघू.”

“मी होऊन सांगणार नाही. पण तिनं मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही.”

“मग येऊ नको परत,” अण्णा चिडून म्हणाले.

ती फणकाऱ्यानं वर आली आणि कंपनीला मेल लिहायला बसली, की खाच दाबायचं एक वाक्य पुस्तिकेत घाला. लगेच उत्तर आलं: कृपया पोर्टलवर नोंदवा. ती दात खाऊन कोड टाकत होती, तेवढ्यात फोन वाजला.

“सुकला,” अण्णा म्हणाले. “आता बसवायचा कसा?”