फ्रीजपुरती जागा

लाकडाच्या पॉलिशचा वास आला की मला सोनईतलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते नव्यानं केलं, तेव्हा सुतार बायकोच्या माहेरचा, शनिशिंगणापूरचा आणला होता. फ्रीज अजून नगरच्या दुकानातच होता. पण मी तो टेपनं मोजून आलो होतो आणि भिंतीलगत बरोबर तेवढीच जागा आखून दिली होती. सागवान माझ्या पैशाचं, त्यामुळे माझी नजर फळ्यांवर. कपाटं उभी राहिली, पण एकालाही दार नव्हतं. मी विचारलं, तर सुतार हसला. "दारं कशाला, दाजी? आमच्या गावात घराला न्हाईत, डाळीच्या डब्याला काय करायची?" दारांचं लाकूड हा घरी नेणार, असं माझ्या मनानं घेतलं. मी उरलेल्या फळ्या मोजायला बसलो, तशी बायको कडाडली, "माज्या माहेरचा मानूस चोर ठरवता व्हय? दारं नकोत म्हनून म्याच सांगितलं!" दोघांचं आधीच ठरलेलं दिसतंय, असं मला वाटलं. मग फ्रीज आला. नेमका बसला, आणि त्याचं दार बाजूच्या भिंतीला अडून जेमतेम वीतभर उघडलं. मी सुताराकडे रोखून पाहिलं. "ह्याला दार हाय, हे तुमी बोल्लाच न्हाई, दाजी," तो म्हणाला. दुधाचं पातेलं हातात धरून बायको म्हणाली, "आता घ्या माज्या माहेरावर संशय!" शेवटी दुसऱ्या बाजूचं नवंकोरं कपाट कापून जागा वाढवली. आजही फ्रीज घेताना मी दुकानदाराला आधी दार किती उघडतं ते विचारतो, आणि त्यानं सांगितलं तरी स्वतः उघडून बघतो.