मी या बाईंना ओळखतो

जनावरांच्या डॉक्टरची सही माणसाच्या ओळखीला चालते, ही बातमी आमच्या पवनी-कोंढा पट्ट्यात फार लवकर पसरली. मी पशुधन विकास अधिकारी होतो, राजपत्रित. आधारकार्डावरचं नाव दुरुस्त करायला जो ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, त्यावर सही-शिक्का करायचा अधिकार मला होता. तहसीलच्या साहेबांना गाठायचं तर अख्खा दिवस जायचा, मी मात्र सकाळपासून दवाखान्याच्या आवारात सापडायचो. त्यामुळे गाई-म्हशी घेऊन आलेल्यांच्या मागे फोटो चिकटवलेले कागद धरून माणसं उभी राहायची. "आधी गाईचा नंबर का आमचा जी?" असं कुणीतरी विचारायचं आणि सगळे हसायचे. मीही हसायचो, पण सही सहजासहजी द्यायचो नाही.

स्वभावच तसा माझा. कागद वाचल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचं नाही. त्या नमुन्याचा अर्थ एवढाच असतो की समोरचा माणूस या नावाचा आहे, हे मला ठाऊक आहे. लोकांना त्यात फक्त शिक्क्याची जागा दिसायची. त्यात ओळखीच्या एका अधिकाऱ्यामागे न बघता केलेल्या सह्यांवरून चौकशी लागली होती. तेव्हापासून तर मी जरा जास्तच ताठ झालो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या ताठपणाचा मला अभिमानही होता.

त्या वर्षी धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, आटोपले आणि कोंढावाली काकी माझ्यापुढे कागद घेऊन उभी राहिली.

काकीचं घर गावी आमच्या घराला लागून. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण सासरचं घर तिनं सोडलं नाही. माझी आई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होती, तेव्हा दोन्ही वेळचं जेवण मी काकीच्या चुलीपुढे जेवलो. लाखोरीची डाळ, भात आणि वरून तिची बडबड. तिला सगळे कोंढावालीच म्हणत. आमच्याकडे सून घरात आली की तिला माहेरच्या गावावरून हाक मारतात. कुणी पवनीवाली, कुणी कारधावाली. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात खरं, पण ते तांदूळ शिजेपर्यंतच टिकतं. सासू, दीर, शेजारी, सगळ्यांच्या तोंडी गावाचंच नाव बसतं. मला कळायला लागल्यापासून ती माझी कोंढावाली काकी. तिला नाव असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

गावात आधारवाले पहिल्यांदा आले तेव्हा ती कुणाच्या तरी धानाच्या बांधीत रोवणा लावत होती. चिखलाच्या हातापायांनी धावत आली. यंत्रावरच्या माणसानं नाव विचारलं, आणि बाजूला उभ्या दिराच्या मुलानं जे रोज ऐकलं होतं तेच सांगितलं. कार्डावर "कोंढाबाई" छापून आलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. रेशनकार्डावर मात्र ते लग्नातलं, ताटातलं नाव होतं. वर्षानुवर्षं त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते डोळ्यांपायी. तपासणीच्या शिबिरात काचबिंदू निघाला. भंडाऱ्याहून नागपूरला पाठवलं. तिथल्या दवाखान्यात मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचं कार्ड मागितलं, आणि दोन कागदांवर दोन बाया निघाल्यामुळे ते कार्ड काही निघेना.

"बापू, इथं सही मार," काकी म्हणाली. "लवकर ऑपरेशन कराचं म्हनून राहिला डाक्टर."

मी कागद वाचला. दाखल्यात लिहिलेलं ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

"काकी, हे नाव तुवंच कायवरून?"

ती हसली. "मंग कोनाचं? तू मले ओरखत नाई का?"

"ओरखतो व. पन ह्या नावानं नाई ओरखत ना."

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. मला वाटलं, मी बरोबर बोललो. मी तिला समजावून सांगितलं की रेशनकार्डावर तुझा फोटो नाही, त्यावरून हे नाव तुझंच असं ठरत नाही; कोंढ्याला जा, भावाच्या घरच्यांकडून लिहून आण की ही आमच्या घरची मुलगी, अमुक घरी दिली, तिथे तिचं हे नाव ठेवलं. खाली पोलीस पाटलाची सही घे. मग मी डोळे मिटून सही करतो. डोळे मिटून, असंच म्हणालो मी.

काकी एसटीनं कोंढ्याला गेली. भाऊ वारला होता, घरात दोन भाचे. आत्या आली म्हणून त्यांनी चहा केला, कागद वाचला, आणि थोरल्यानं तो घडी घालून परत तिच्या पिशवीत ठेवला.

"आत्याबाई, आमी सही देली तं उद्या सातबाऱ्यावर तुवा हिस्सा लागते."

"मले हिस्सा नोको रे बाबू. तसं लिहून देतो."

"थे लिहून द्याले बी आधार लागते ना."

पोलीस पाटील म्हणाले, घरचे सही देतील तर मी देईन. काकी पंधरा दिवसांनी पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा दार आतून लावलेलं होतं आणि चपला बाहेर होत्या. हे सगळं तिनं मला हसत हसत सांगितलं. सांगताना ती भिंतीला हात लावून उभी होती, आणि माझं तोंड जिथे होतं त्याच्या जरा बाजूला बघत होती. जन्मभर जिला आम्ही कोंढावाली म्हटलं, ती आमची आहे असं म्हणायला कोंढ्यात कुणी तयार नव्हतं.

मी भाच्यांवर संतापलो. फोनवर त्यांना वाट्टेल ते बोललो. त्यातला एक शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी तं तिच्या हातचं जेवून मोठे झाले म्हंते. तुमीच काहून नाई देत सही?" मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन मी सही केली. अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर, वर गोल शिक्का. कुठलाही नवा पुरावा आला नव्हता. रोवण्याच्या दिवसांत जेवढं ओळखत होतो तेवढंच धान कापणीला आलं तेव्हाही ओळखत होतो. मधे चार महिने गेले होते.

मग नाव बदललं, योजनेचं कार्ड निघालं, आणि मी स्वतः तिला नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. डावा डोळा गेला होता, उजव्याला फक्त उजेड कळत होता. मागची नस सुकली की परत येत नाही, म्हणाले. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता. मी विचारलं, चार महिने आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढं वाचवता आलं असतं.

पैसे मी भरू शकलो असतो. पगारदार माणूस, अडचण काही नव्हती. हे मला त्या व्हरांड्यात उभं असताना सुचलं, आधी एकदाही नाही. आधी माझ्या डोक्यात फक्त कागद होता. मी तिचा गुन्हेगार आहे, हे मी बायकोजवळ बोललो आहे, काकीजवळ बोलायची हिंमत झाली नाही. ती परतीच्या गाडीत म्हणाली, "तुवी मेहनत वाया गेली बापू."

उन्हाळ्यात तिचं नवं आधारकार्ड टपालानं आलं, पोस्टमननं ते दवाखान्यात माझ्याच हाती दिलं. ते द्यायला गावी गेलो. काकी अंगणात चिंचा फोडत बसली होती, बोटांनी चिंचोके चाचपून वेगळे करत होती. मला वाटलं, ज्या नावासाठी एवढं झालं, त्या नावानं तिला एकदा तरी कुणी हाक मारावी. मी फाटकातूनच कार्डावरचं पूर्ण नाव वाचलं, तिचं, नवऱ्याचं, आडनावासकट. आवाज माझाच होता, पण नाव वाचताना तो साहेबाचा झाला असावा.

काकीनं हात थांबवले. घाईनं पदर डोक्यावर ओढला आणि आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून अदबीनं म्हणाली,

"थे बाई इथं नाई राहत जी साहेब. मांगच्या मोहल्ल्यात पाहून घ्या."