तांडा रोडचं क्रॉसिंग

चार माणसं रोज संध्याकाळी एकाच टेबलाभोवती उभी राहिली, की किस्से मुद्दाम घडवावे लागत नाहीत. टेबलाखाली वायरीचे तुकडे साचतात, तसे तेही साचतात. वायर फार तर एकदा वापरता येते. किस्सा कितीही वेळा वापरता येतो, आणि मी तर दर वेळी थोडा लांबवून वापरतो.

टेबल राठोड काकांच्या माडीवर. पुसदला खरी रेल्वे येईल तेव्हा येईल, काकांच्या माडीवर ती केव्हाच आली. तळहाताएवढी दोन इंजिनं, मागे डबे, आणि मधोमध ‘तांडा रोड’ नावाचं स्टेशन. काका जन्मभर छोट्या लाइनवर स्टेशन मास्तर होते. त्या लाइनवर गाडी एकच. सकाळी जायची, तीच संध्याकाळी परत यायची. समोरासमोरून दोन गाड्या येतात, मास्तर एकीला बाजूच्या रुळावर घेऊन दुसरीला वाट देतो, त्याला रेल्वेत क्रॉसिंग म्हणतात. ते काकांच्या नशिबी कधी आलंच नाही, आणि गाडीला उशीर का म्हणून विचारणाऱ्या प्रवाशांना ते कारण सांगणंही नाही.

“मी कसा मास्तर, सांगू?” काका म्हणायचे. “एकबी लग्न न लावलेला भटजी.”

ते क्रॉसिंग माडीवर घडवायचं, असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे कॉलेजात फिजिक्स शिकवणारे वानखडे सर, मोटार रिवाइंडिंगवाले सलीमभाई आणि मी. माझ्याकडे सल्ल्याचं खातं.

* * *

आधी काकांकडे जुना कंट्रोलर होता. एक डबा, एक नॉब. नॉब फिरवला की करंट रुळात, आणि रुळावर जे काय असेल ते पळणार. दोन गाड्या ठेवल्या, तर दोन्ही एकाच दिशेनं निघाल्या, सासरवाडीला निघालेल्या साडूंसारख्या.

“सोपं आहे न, काका,” सलीमभाई म्हणाले. त्यांनी एक इंजिन उचललं, तोंड फिरवून परत ठेवलं. “आता येतीन समोरासमोर.”

नॉब फिरवला. ते इंजिन उलटं चालत पुन्हा त्याच दिशेनं गेलं.

काकांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. “माया मोठ्या साल्यासारखं आहे हे,” ते म्हणाले. “तोंड कुठंबी करा, जाते तिकडंच.”

* * *

मग सरांनी डिजिटलचा शोध लावला. करंट सगळ्या रुळात, पण हुकूम प्रत्येक इंजिनाला वेगळा. इंजिनाच्या पोटात एक चिप, चिपला एक नंबर. ज्याचा नंबर पुकाराल तेच हलेल. सलीमभाईंनी दोन्ही इंजिनं उघडून नाजूक हातानं चिपा बसवल्या. सरांनी लॅपटॉप जोडला. दोन्ही गाड्या दोन टोकांना, समोरासमोर तोंड करून. काकांनी हिरवी झेंडी दाखवली आणि सरांनी फक्त तीन नंबरला हुकूम दिला.

दोन्ही निघाल्या. थेट तांडा रोडच्या प्लॅटफॉर्मसमोर टक्कर! एक डबा काकांच्या चहात पडला. (डबा नव्हे, चाक होतं. पण सांगताना डबाच बरा.)

“मी क्रॉसिंग म्हटलं होतं,” काका म्हणाले. “गळाभेट नाही.”

चौकशी बसली. कारखान्यातून प्रत्येक चिप तीन नंबर घेऊनच येते, तो आपण बदलायचा असतो, हे सरांना तेव्हा कळलं. सलीमभाईंनी निकाल दिला, “दोन्ही पोराईचं नाव एकच ठेवसान, तर हाक मारल्यावर दोघंबी पळत येतीन न, सर.”

* * *

नंबर बदलले. सर दुसऱ्या दिवशी ऐटीत आले. “काका, आता तुम्ही काहीच करू नका. मी एंटर दाबतो. गाड्या आपोआप येतील, थांबतील, निघतील. तुम्ही खुर्चीवर बसून क्रॉसिंग बघा.”

काकांनी त्यांचा हात वरच्या वर धरला.

“मंग मास्तर कायले पाहिजे?”

सरांनी लॅपटॉप मिटला. त्या दिवशी चहा त्यांनी मागवला.

* * *

पुढची पाळी मोबाइलची. ॲप टाकलं की मोबाइलच कंट्रोलर. सलीमभाई ड्रायव्हर झाले. स्क्रीनवर अंगठा, स्क्रीनवर डोळे. रूळ संपला, टेबल संपलं, आणि इंजिन काकूंनी माडीवर वाळत घातलेल्या कुरडयांत शिरलं.

“सलीम, गाडी कुठं आहे?” काकांनी विचारलं.

सलीमभाईंनी मान वर न करता सांगितलं, “मोबाइलमंधी तर बराबर चालून राह्यली.”

मोबाइल तिथंच बाद झाला. त्या कुरडयांना तळतानाही ग्रीसचा वास येत होता, असं काकू सांगतात. मी खाल्ल्या. चव सुधारली होती.

शेवटी माझा सल्ला चालला. नॉबवाले दोन हँडसेट घ्यायचे. अंगठ्याला स्पीड कळतो, डोळे रुळावर राहतात. दोन ड्रायव्हर, सलीमभाई आणि मी. “आणि एक हँडसेट तुम्हाला, काका,” सर म्हणाले.

“मास्तर गाडी चालवत नसते,” काका म्हणाले. “मास्तर सोडते.”

* * *

क्रॉसिंगचा दिवस. काका इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, टोपी लावून उभे. माझी गाडी यवतमाळकडून आली. काकांनी ती बाजूच्या रुळावर घेतली, उभी केली. उमरखेडकडून सलीमभाईंची आली, हळूहळू, माझ्या गाडीला लागून उभी राहिली. दोन गाड्या, एक स्टेशन. आता झेंडी दाखवायची.

काका दाखवेनात. झेंडी गुंडाळून काखेत, नजर दोन्ही गाड्यांवर.

“काका, सोडा न आता,” सलीमभाई म्हणाले.

काकांनी झेंडी दुसऱ्या काखेत घेतली. सरांनी मला कोपरानं ढोसलं, मी सरांना.

तेवढ्यात खालून काकूंची हाक आली. “अजी, आयकता का? भाकर गार होऊन राह्यली. काहून उशीर?”

काका जिन्याच्या तोंडाशी गेले. टोपी सरळ केली, घसा खाकरला.

“क्रॉसिंग आहे.”