बाभळीचं चाक

मंडळी, आज नातीचा कारखाना बघायला गेलो. तिचे साहेब म्हणाले, "परदेशी पार्ट बंदरात अडकला, की काम थांबवून वाट बघायची." माझं डोकंच फिरलं!

सत्तरच्या दशकात मी माधवनगरला कापड गिरणीत मागावर होतो. मागाचं दातेरी चाक मोडलं आणि विलायतेहून येणारं नवं चाक असंच बंदरात अडकलं. मालक म्हणाले, "माग बंद ठेवा." बैलगाड्या करणारे सुतारतात्या उसळले, "आवं, बंद कशापायी? बाभळीचं करतो की!"

त्या चाकावर माग धडाधड चालला. पुढं विलायती चाक आलं, तेव्हा तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या खोक्यात. माझं मोडलं तर लागंल."

माझी ही गोष्ट ऐकून नातीचे साहेब हसले, "हा तर जुगाड!"

हसा खुशाल. मी गिरणी सोडेपर्यंत ते खोकं उघडावं लागलं नाही. आता तुम्हीच सांगा, यातलं स्पेअर कुठलं?