वाटीतली नस

ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या हातात हत्यारं द्यायचं माझं काम. वापरलेली वाटी माझ्या टेबलावर क्षणभर राहत नाही, याचा मला भारी तोरा होता. जळो मेला तो तोरा!

बायपासमध्ये पायातली नस काढून हृदयाला जोडतात. जोडेपर्यंत ती जिवापाड जपायची. कोरडी पडू द्यायची नाही, चिमट्यानं आवळायची नाही. नागपूरच्या आमच्या दवाखान्यात ती वाटीत, पेशंटच्याच रक्तात ठेवत, गुठळी होऊ नये म्हणून औषध घालून. त्या दिवशी दोन तुकडे जोडून झाले होते, तिसरा वाटीत होता. काळपट रक्तात तो दिसलाच नाही. मला वाटलं, रक्ताळलेले हातमोजे धुतलेलं पाणी असेल. उचलली वाटी आणि ओतली खालच्या बादलीत.

बादलीत पडलेली नस कुणाच्या हृदयाला जोडणार? पेशंटच्या दुसऱ्या पायालाही घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चीर द्यावी लागली. सर्जन मला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी म्हणाले, पेशंटला मी सांगतो. मीच हट्टानं म्हटलं, चूक माझी, मी सांगते.

पेशंट आमच्याच, नागपूरपलीकडच्या गोरेगावकडचे, धानाची शेती करणारे. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, एकच पाय चिरू म्हनत होते. दोन्ही काऊन चिरले?"

एरवी माझं तोंड कात्रीसारखं चालतं. "काका, तुमच्या नसाच कमजोर निघाल्या," मी म्हणाले.

ते बिचारे ओशाळले. "जिनगानी धानाच्या बांधीतल्या चिखलात गेली. नसा कुठून चांगल्या राहतीन? तुमाले लय तरास झाला असन."

यावर मी होकाराची मान हलवली. हो, हलवली!

काही महिन्यांनी सुटीत गावी आले, तर गोरेगावच्या बाजारात काका भेटले. दोन्ही पाय बरे होते. मी हुश्श म्हणतेय तोच ते म्हणाले, "माह्या लहान्या भावालेबी बायपास सांगतलं. मीच नोको म्हटलं. आपल्या खानदानाच्या नसाच कमजोर, तुमीच तं सांगतलं होतं."

भाजीच्या ढिगांपाशी उभी राहून मी सगळं ओकून टाकलं, वाटी, बादली आणि माझं खोटंसुद्धा. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मले नोको सांगू. चाल, त्याले सांग." आणि मला मोटारसायकलवर मागे बसवलं.

भाऊ अंगणात खाटेवर होते. उठून बसेपर्यंत त्यांना धाप लागली. मी पुन्हा सगळं सांगितलं, हात जोडले, म्हटलं, "ऑपरेशन करून घ्या, तुमच्या नसांबद्दल मी खोटं बोलले होते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तवाबी तुमीच सांगतलं, आताबी तुमीच सांगून राहिल्या. यातलं कोनतं खरं मानू?"

मी सर्जनना फोन लावला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. दोन मिनिटांत भाऊ ऑपरेशनला तयार झाले. सर्जनचे आभार मानले, मोबाइल मला न देता काकांकडे दिला आणि त्यांना सांगितलं, "बाईले बाजारात सोडून दे."