विश्रांतवाडी ते धायरी, मार्गे फुलांचा कंबरपट्टा

विश्रांतवाडीहून धायरीला पोहोचायला लोकांना दीड तास लागतो. मला सव्वीस वर्षे लागली. निघताना पत्नीने, सुमतीने, विचारले, "नक्की जमेल ना? की मीच आणू?"

प्रश्न रास्त होता. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या डोहाळजेवणाला वाडी (गर्भवतीला घालायचे फुलांचे दागिने) आणण्याचे काम माझ्याकडे होते. मी दहा गजरे आणले आणि जमलेल्या बायकांसमोर म्हणालो, "फुलं ती फुलंच." सुमतीने ते गजरे मनगटांना गुंडाळून फोटो काढून घेतला. तो अजून भिंतीवर आहे. त्याखाली मी रोज जेवतो. आज धायरीला आमच्या मुलीचे डोहाळजेवण होते. सुमती परस्पर गेली, मी मंडईमार्गे.

मंडईत फुलवाल्या बशीरभाईंना मी नम्रपणे विचारले, "गजरा, वेणी आणि वाडी यांतला फरक सांगाल?"

"केस पांढरे झाल्यावर विचारताय," ते हात न थांबवता म्हणाले. "गजरा म्हणजे दोऱ्यात गुंफलेल्या कळ्या, कुठंही माळा. वेणी जाड विणीची, अंबाड्याभोवती बसते. वाडी म्हणजे अख्खा साज. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. आणि ते कोपऱ्यातलं गोल पुष्पचक्र आहे. ते घरी नेऊ नका."

वाडी घेतली. शिवाय सुमतीसाठी अबोलीची वेणी मागितली. माफी रिकाम्या हाताने मागवत नाही.

"वहिनींचा अंबाडा केवढा?"

मी दोन्ही हातांनी भरघोस आकार दाखवला.

"नशीबवान आहात."

धायरीच्या बसमध्ये शेजारच्या आजोबांनी विचारले, "लग्न का?"

"डोहाळजेवण."

"मग तो पट्टा उचला. माझा भोपळा त्यावर टेकलाय."

दोन शेवंत्या कामी आल्या.

धायरीत सुमतीने एकेक दागिना जकात नाक्यावरच्या कारकुनासारखा तपासला आणि लेकीला घातला. मी घसा साफ केला. "तेव्हा चूक माझी होती," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"अहो, सरका जरा. फोटोत येताय."

सरकून मी वेणी पुढे केली. तिने आधी वेणीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मी केस कापलेत."

तेव्हा मी पाहिले. जेमतेम मानेपर्यंत होते.

"कधी?"

"दिवाळीत. आता चैत्र आहे."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. वेणी तिने मनगटाला गुंडाळली होती. फरक शिकायला मी मंडईपर्यंत गेलो. अभ्यास घरीच करायला हवा होता. सिंहगड रस्ता संपेपर्यंत मी तिच्या केसांकडे पाहत राहिलो.

"पुरे," ती म्हणाली, "लोक बघतायत."

लोकांनी केव्हाच पाहिले होते. राहिलो होतो तो मीच.