चौसाळा ते कडा: एका बंपरच्या दोन बाजू

दिगंबरला कड्याला जायचं होतं ते सरकी पेंडीची चार पोती पोचवायला, आणि मला जायचं होतं माझा बंपर दाखवायला. त्याचं कारण त्याने अख्ख्या चौसाळ्याला सांगितलं होतं. माझं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा मेहुणा कड्याकडचा. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेल्यावर मेहुण्याने बैल तिथल्या एका सहकारी सोसायटीने चालवलेल्या चारा छावणीत नेऊन बांधले. त्याच छावणीत कामाला होते भानुदास मिस्त्री. जन्मभर साखर कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस. माझ्या जीपचा लोखंडी बंपर बारा वर्षांपूर्वी त्यांनीच बनवला होता.

बंपरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चार मिलिमीटर जाडीचा पत्रा, दोन्ही टोकांना ओढकामाचे हुक. मार्चमध्ये कोरड्या नदीत उतरताना उजवं टोक दगडावर आदळलं, आत वाकलं आणि हुकाजवळचा जोड वीतभर उकलला. मी तो कुणाकडे नेला नाही. जॅक लावून टोक सरळ केलं. भेगेच्या शेवटी तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे भेग पुढे पळत नाही. ग्राइंडरने आरपार खाच केली. आतला थर अडीच मिलिमीटरच्या वेल्डिंग रॉडने, वरचा ३.१५ च्या रॉडने, तोही सकाळी सहाच्या आत, कारण त्यानंतर आमच्या विजेच्या लाइनला दाब राहत नाही. वेल्डिंग मला कुणी शिकवलेलं नाही. भंगारातल्या पत्र्यांवर दोन वर्षं हात बसवला आहे. शेवटी पूर्ण बंपरला बाहेरून काळा रंग दिला, माझ्या बाजूला दोन हात. मिस्त्रींचा जोड कुठला आणि माझा कुठला, हे कुणाला कळू नये एवढीच इच्छा.

सहाला निघालो. मांजरसुंबा, पाटोदा, सौताडा, जामखेड, आष्टी, कडा: सव्वाशे किलोमीटरच्या आत अंतर, जाता-येता वीसेक लिटर डिझेल. पाटोद्यापर्यंत रस्ता गुळगुळीत, पुढे घाटात खडी सांडलेली, तिथे घाई करू नका. वीस लिटरचा पाण्याचा जार घरूनच न्या. या उन्हाळ्यात हॉटेलवाले प्यायला देतात, हात धुवायला मागितलं की तोंड फिरवतात.

सौताड्याला थांबलो. पावसाळ्यात लोक जिथे धबधबा बघायला येतात, तिथे खडकावर नुसते पांढरे ओघळ राहिलेत. टपरीपुढे गाडी मुद्दाम अशी लावली की उजवी बाजू चहा पिणाऱ्यांकडे येईल. एक ट्रकवाला ग्लास घेऊन उठला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि जोडावरून अंगठा फिरवत म्हणाला, "हे कुणी केलंय हो? लई सफाई हाय."

"कड्याच्या मिस्त्रीनं," दिगंबर म्हणाला. "उजवीकडचं आमच्या सुभाषनं केलंय. घरी."

ट्रकवाल्याने उजवीकडे पाहिलं. "बरं हाय," म्हणाला आणि ग्लास ठेवायला गेला.

जामखेडला तेच झालं. शेवभाजी आणि गरम भाकरी झकास होती, ठेचा तर पुन्हा मागून घेतला. पण हॉटेलचा मालक पैसे घेता घेता बाहेर आला आणि थेट डावीकडे वाकला. आष्टीचा रस्ता धरला.

"दोन हात रंग देऊन पण लोकांना कळतंय बे," दिगंबर हसत होता. "तिसरा द्यायचा होतास."

अकराला छावणीवर पोचलो. काळ्या मुरमाड माळावर उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे चाऱ्याच्या हिरव्या शेंड्यांच्या, रांगा, त्यामागे जनावरं, खरकटी बादली बाजेखाली ठेवून झोपलेली माणसं. गोठ्याचा आणि धुरळ्याचा वास एकमेकांत मिसळलेला. मेहुण्याकडे पोती उतरवली. मिस्त्री पत्र्याच्या शेडात एक गव्हाण जोडत बसले होते. मी नमस्कार केला. ते बंपरकडे बघणार, एवढ्यात हौदाकडून आरडाओरड आली.

पाण्याचा टँकर ओढणारा ट्रॅक्टर गळक्या हौदापाशी चिखलात रुतला होता. चाकं जागेवर फिरत होती. टँकर भरलेला, हौद रिकामा, आणि सकाळपासून तहानलेली जनावरं दावी ताणून उभी. दुसरा ट्रॅक्टर वाढे आणायला गेलेला, संध्याकाळशिवाय येणार नव्हता.

"जीपला चारी चाकांची ओढ हाय का?" मिस्त्रींनी विचारलं.

आहे म्हणालो. जीप ट्रॅक्टरच्या तोंडासमोर आणली. कुणीतरी साखळी आणून दिली. मी ती घेऊन बंपरपुढे बसलो आणि माझा हात डावीकडे गेला. विचार करून नाही. आपोआप.

"बे सुभ्या," दिगंबर वरून म्हणाला, "तुझ्या बाजूला लाव की. वाटभर काय दाखवत आलास?"

वीसेक माणसं उभी होती. मी साखळी डाव्याच हुकात अडकवली, आत बसलो, रिव्हर्स टाकून हळूहळू ताण घेतला. दोनदा चाकं घसरली, तिसऱ्यांदा ट्रॅक्टर गुरगुरत वर आला. पाणी हौदात पडल्याचा आवाज आणि जनावरांचं हंबरणं एकदमच सुरू झालं. लोकांनी माझी पाठ थोपटली. मला मात्र खाली उतरावंसं वाटत नव्हतं.

मिस्त्री उजव्या हुकापाशी उकिडवे बसले होते. "घरच्या लाइनीवर केलंय न्हवं? रंग काढा. बघू."

दोन हात दिलेला रंग मी माझ्याच हाताने तारेच्या ब्रशने खरवडला. मिस्त्रींनी दिगंबरकडे तंबाखूच्या चुन्याची डबी मागितली, चुना पाण्यात पातळ केला आणि जोडावर बोटाने पसरला. मागच्या बाजूला मी रंग दिलेलाच नव्हता. तिथे रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं दाबून धरलं. जोडात केसाएवढी फट असली तरी रॉकेल पाझरून पुढच्या चुन्यावर डाग उमटतो. कारखान्यात टाक्यांचे जोड असेच तपासायचे, म्हणाले.

"तुमच्या बाजूलाही लावा," मी म्हणालो. का म्हणालो, ते वाचणाऱ्यांना कळलं असेल.

"लावा की," ते म्हणाले. डावीकडचा रंगही मी खरवडला आणि तिथेही तसाच चुना आणि फडकं लावलं.

वीस मिनिटं थांबायचं होतं. मेहुण्याने चहा आणला. मी उजव्या बाजूपासून नजर हलवली नाही. चुना वाळला, पांढराशुभ्र झाला आणि तसाच राहिला. डाग नाही.

"मिस्त्री," दिगंबर डावीकडून म्हणाला, "हितं काय हाय बघा."

डाव्या हुकाच्या बुडाशी चुन्यावर एक बारीक काळपट रेघ उमटली होती. करंगळीच्या नखाएवढी, पण होती. मिस्त्रींनी चष्मा वर केला, नखाने खरवडलं. "आजच्या ओढीनं न्हाई झालं. आत गंज हाय बघा, जुनं हाय." मग माझ्याकडे वळले. "तुमचा जोड पक्का हाय. मग साखळी इकडं कावून लावली?"

 एवढ्या जनावरांचं पाणी मी भेगाळलेल्या हुकावर टांगलं होतं, शेजारी पक्का हुक असताना.

मिस्त्री डाव्या हुकाकडे वळले. "माजंच हाय, मीच भरतो," म्हणून जनरेटर लावायला सांगितला. सगळ्या माणसांपुढे स्वतःचा जोड ग्राइंडरने उघडला, आतला गंज मला दाखवला आणि दोन मिनिटांत भरला. हात जरासुद्धा हलला नाही. माझा जोड नुकताच पास झाला होता, आणि तरी मी त्यांच्याच जोडाकडे बघत होतो. इतके दिवस मला त्यांच्या कामाची सफाई सलत होती. त्या दुपारी ते भेग बघून ज्या सहजतेने "माजंच हाय" म्हणाले, ते त्याहून जास्त सललं. पैसे त्यांनी घेतले नाहीत. तेही आवडलं नाही मला.

पाचला निघालो, साडेआठला चौसाळ्यात. उजव्या बाजूचा चुना पुसला नाही. दिगंबर म्हणतो, गाडीला कुणीतरी कुंकवाऐवजी चुना लावल्यासारखं दिसतं. कुणी विचारलं की मी सांगतो, कड्याच्या मिस्त्रींनी तपासलंय. "मी केलंय" हे त्यानंतर सांगतो, आणि त्यांचं नाव आधी घेताना अजून जिवावर येतं.

परवा आमच्या गल्लीत विटांची ट्रॉली गटारात गेली. लोक मला बोलवायला आले. साखळी घेऊन बंपरपुढे बसलो. हात एकदा डावीकडे गेलाच. मग तो उचलून उजवीकडे आणला, साखळी अडकवली आणि आत जाऊन बसलो. ट्रॉली निघाली. बंपर बघायला कुणी थांबलं नाही, सगळे विटा गोळा करत होते.